रायटरमधले मॅक्रो: दिसतात नीट, निघतात अर्धवट

आधी निकाल, मग कारणं. कोर्टाच्या शेजारी दुकान असल्यामुळे उलटा क्रम रोजच बघते, म्हणून इथे तरी निकालापासून सुरुवात करते. लिबरऑफिस रायटर, म्हणजे वर्डसारखाच पण फुकट मिळणारा प्रोग्राम, जुन्या फायलींमधले मॅक्रो (फायलीत बांधून ठेवलेल्या आज्ञा, पुढे सांगतेच) शोधायला आणि त्यांत काय लिहिलंय ते निर्धास्त वाचायला फार चांगला आहे. काढून टाकायला बेताचा. ‘डिलीट’ दाबलं की काम झालं असं धरून चालणाऱ्याला तो दोन ठिकाणी तोंडघशी पाडतो, आणि ती दोन ठिकाणं मेनूमध्ये एकमेकांपासून लांब आहेत. पाचपैकी साडेतीन गुण.

नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या मागच्या अंगाला माझं टायपिंग, डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, साठेखतं, हक्कसोडपत्रं, वकिलांच्या कैफियती, पुरसिशी हे रोजचं काम. दुकान एका काकांकडून चालू अवस्थेत घेतलं. टेबलं, खुर्च्या आणि खडखडणारे प्रिंटर यांच्यासोबत त्यांच्या संगणकातला मसुद्यांचा साठा आला, आणि खरं सांगायचं तर पैसे मी त्या साठ्यासाठीच मोजले. मौजे मखमलाबाद, मौजे आडगाव, मौजे पाथर्डी अशी शिवारावर लावलेली फोल्डरं, गट नंबर आणि चतुःसीमेचे तक्ते घातलेले, नुसती नावं बदलायची की दस्त तयार. हे सगळं वर्डच्या जुन्या .डॉक फायलींत.

काकांकडे पूर्वी एक हौशी ऑपरेटर होता. त्याने या फायलींत मॅक्रो पेरून ठेवले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅक्रो म्हणजे नेहमी करावी लागणारी कामं एका आज्ञेत बांधून ठेवणं. फाइल उघडली की आपोआप चालणारेही असतात, आणि भानगड तिथेच आहे. त्याचा एक मॅक्रो फाइल उघडताच ठरलेल्या जागी आजची तारीख टाकायचा. नवीन प्रतिज्ञापत्राला ही सोय. पण कुणी 2014 च्या प्रतिज्ञापत्राची प्रत मागायला आला आणि आपण फाइल उघडून छापली, तर कागदावर आजची तारीख! वकिलाच्या नजरेतून ते सुटलं तर पुढे काय होईल ते सांगायला नको. दुसरा मॅक्रो ‘फाइलसेव्ह’ नावाचा. वर्डची खुबी अशी की त्याच्या स्वतःच्या आज्ञेचं नाव मॅक्रोला दिलं, तर मूळ आज्ञेऐवजी तुमचा मॅक्रो चालतो. म्हणजे कंट्रोल-एस दाबलं की हा गडी ई ड्राइव्हवर एक जादा प्रत ठेवू बघायचा. तो ई ड्राइव्ह काकांनीच कधीतरी भंगारात काढलेला. त्यामुळे दर सेव्हला एरर. गिऱ्हाईक समोर बसलेलं, स्टँप पेपर प्रिंटरमध्ये घातलेला, आणि पडद्यावर ‘डीबग’ असं बटण.

तर हे सगळं साफ करायचं होतं, पण डोळे मिटून नाही. त्यातले काही मॅक्रो फार कामाचे होते, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

रायटरकडे वळायचं कारण पैसे नव्हते. वर्ड दुकानात आहेच, अजूनही आहे. कारण हे, की संशयास्पद फाइल वर्डमध्ये उघडायला माझा हात धजत नाही. माझ्या पिढीच्या टायपिंगवाल्यांना त्याचा इतिहास माहीत आहे. 1995 मध्ये ‘कन्सेप्ट’ नावाचा मॅक्रो व्हायरस आला, तो वर्डच्या नॉर्मल टेम्प्लेटमध्येच (नव्या फायली ज्या साच्यातून निघतात त्यात) जाऊन बसायचा आणि मग प्रत्येक फायलीला लागायचा. मार्च 1999 मध्ये ‘मेलिसा’ आला, तो आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. आता मायक्रोसॉफ्टने बराच बंदोबस्त केलाय. 2022 पासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलीतले मॅक्रो वर्ड सरळ अडवतो, वर लाल पट्टी दाखवतो आणि ‘एनेबल’चं बटणच देत नाही. खरंच हवा असेल तर फायलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ची खूण करावी लागते. पण माझ्या फायली इंटरनेटवरून आल्याच नव्हत्या. त्या काकांच्या हार्ड डिस्कवरून आल्या, आणि त्यांच्यावर असा शिक्का नसतो.

रायटरमध्ये सुरक्षेच्या चार पायऱ्या आहेत: लो, मीडियम, हाय, व्हेरी हाय. जागा ऑप्शन्स, मग सिक्युरिटी, मग मॅक्रो सिक्युरिटी. नवीन घातलेला रायटर ‘हाय’वर असतो, म्हणजे विश्वासातल्या माणसाची डिजिटल सही नसलेला मॅक्रो चालतच नाही. कुणीतरी यूट्यूबवर बघून ते ‘लो’ करून ठेवतं, तेवढं तपासा. ‘मीडियम’ला प्रत्येक वेळी विचारणा होते, आणि काउंटरवर गर्दी असली की कुणीही न वाचता ‘हो’ दाबतं. मी सगळ्या मशीनवर ‘हाय’च ठेवलंय. काकांच्या फायली उघडल्या, मॅक्रो बंद आहेत अशी सूचना मिळाली, तारखा जागच्या जागी राहिल्या. पहिल्यांदा त्या फायलींत मूळ तारीख काय होती ते निवांत वाचता आलं. या एका गोष्टीसाठी रायटरला एक पूर्ण गुण.

आता मॅक्रो कुठे दिसतात. टूल्स, मॅक्रोज, ऑर्गनाइझ मॅक्रोज, बेसिक, किंवा सरळ ऑल्ट-एफ11. जी चौकट उघडते तिच्यात डावीकडे झाड असतं आणि त्याला तीन प्रकारच्या फांद्या: ‘माय मॅक्रोज’, लिबरऑफिसचे स्वतःचे मॅक्रो, आणि उघड्या असलेल्या प्रत्येक फायलीच्या नावाची एकेक. ही मांडणी मला मनापासून आवडली. कोणता मॅक्रो मशीनचा आणि कोणता फायलीचा हे एका नजरेत कळतं. वर्डमध्ये ऑल्ट-एफ8 दाबलं की जी यादी येते तिच्यात ‘सर्व चालू टेम्प्लेट आणि दस्तऐवज’ असं निवडलेलं असेल तर सगळे एकाच रांगेत उभे. खालच्या ‘मॅक्रोज इन’ या खिडकीतून एकेक जागा निवडली की वेगळे होतात, पण ती खिडकी कुणी उघडत नाही.

मधल्या फांदीबद्दल एक सूचना. तिथे ‘युरो’, ‘गिमिक्स’, ‘डेपो’, ‘टूल्स’ अशा नावांच्या लायब्ऱ्या (मॅक्रोंचे गठ्ठे) दिसतात. आमच्या दुकानातली मुलगी घाबरली, “ताई, हे गिमिक्स काय आहे? व्हायरस तर नाही ना?” नाही. ते रायटरबरोबर आलेलं सामान आहे, ते काढायला जाऊ नका. तसंही ते फक्त वाचायला असतं, रायटर काढू देत नाही. नाव जरा बरं ठेवता आलं असतं एवढंच. आणि ‘स्टँडर्ड’ नावाची लायब्ररीही निघत नाही. ती रिकामी करता येते, हटवता येत नाही.

वर्डच्या जुन्या फायलीतले मॅक्रो रायटरमध्ये फायलीच्या नावाखाली, बहुतेक वेळा ‘प्रोजेक्ट’ अशा लायब्ररीत दिसतात. मॉड्यूल (लायब्ररीतलं मॅक्रो लिहिलेलं एकेक पान) उघडून ओळ न् ओळ वाचता येते, आणि वाचताना ते चालतील ही धास्ती नाही. तारखेचा मॅक्रो ‘ऑटोओपन’ नावाचा निघाला. वर्डमध्ये या नावाचा मॅक्रो फाइल उघडताच आपोआप चालतो. फायलीत असेल तर त्या फायलीपुरता, नॉर्मल टेम्प्लेटमध्ये असेल तर प्रत्येक फायलीला. (वर्डमध्येच बघायची पाळी आली तर फाइल उघडताना शिफ्ट दाबून धरा, ऑटोओपन चालत नाही. ही युक्ती जुनी आहे, पण निम्म्या टायपिंगवाल्यांना माहीत नाही.)

वाचून झालं, आता काढायचं. मॅक्रो निवडा, ‘डिलीट’ दाबा, एकदा विचारतो, हो म्हटलं की गेला. एकेक न काढता अख्खं मॉड्यूल काढायचं तर ‘ऑर्गनायझर’मध्ये जा. इथवर झकास. फायलीतला मॅक्रो काढला असेल तर फाइल सेव्ह केल्याशिवाय तो खरा जात नाही, हे ओघानेच आलं. कंट्रोल-झेडने मात्र काढलेला मॅक्रो परत येत नाही, तेव्हा आधी प्रत ठेवा.

तोंडघशी पडायची पहिली जागा इथे येते. रायटरच्या स्वतःच्या .ओडीटी फायलीत मॅक्रो असतो तेव्हा तो कधी चालावा हे वेगळ्या ठिकाणी नोंदलेलं असतं. टूल्स, कस्टमाइझ, इव्हेंट्स. तिथे ‘ओपन डॉक्युमेंट’, ‘प्रिंट डॉक्युमेंट’ वगैरे प्रसंगांची यादी असते आणि प्रत्येकासमोर मॅक्रो बांधता येतो. तुम्ही मॅक्रो काढला तरी ही गाठ तशीच राहते. भाडेकरू खोली सोडून गेला, पण दारावरची पाटी आणि लाइटचं बिल अजून त्याच्याच नावावर, तसं. पुढच्या वेळी फाइल उघडली की रायटर त्या नावाने हाक मारतो, कुणी ओ देत नाही, आणि स्क्रिप्टिंग फ्रेमवर्कची एरर असल्याची मोठी इंग्रजी चौकट येते. गिऱ्हाइकाला वाटतं फाइल खराब झाली. फाइल धड असते. इव्हेंट्समध्ये जायचं, खालच्या ‘सेव्ह इन’ खिडकीत त्या फायलीचं नाव निवडायचं (तिथे ‘लिबरऑफिस’ निवडलेलं असेल तर यादी रिकामी दिसते आणि माणूस फसतो), बांधलेल्या प्रसंगावर जाऊन ‘रिमूव्ह’ करायचं आणि सेव्ह.

अशाच गाठी कीबोर्ड शॉर्टकटला, टूलबारवरच्या बटणाला आणि फॉर्ममधल्या बटणाला असू शकतात. शॉर्टकट आणि टूलबार त्याच कस्टमाइझच्या चौकटीत सापडतात. फॉर्मचं बटण मात्र पानावर जाऊन, डिझाइन मोड चालू करून, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये शोधावं लागतं. मॅक्रो काढताना ‘हा अमुक ठिकाणी बांधलेला आहे, तीही गाठ सोडू का?’ असा एक प्रश्न रायटरने विचारला असता तर मी चार गुण दिले असते. न्यायाला धरून सांगायचं तर वर्डही हे विचारत नाही. तिथेही मॅक्रो काढला तरी त्याचं बटण वरच्या पट्टीवर बसलेलं राहतं आणि दाबलं की मॅक्रो सापडत नाही म्हणतं.

दुसरी जागा जास्त गंभीर आहे, आणि वर्डच्या फायली रायटरमध्ये साफ करायला घेणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावीच. मी मुद्दाम करून पाहिलं. एक .डॉक फाइल घेतली, रायटरमध्ये उघडली, तारखेचा मॅक्रो काढला, .डॉक म्हणूनच सेव्ह केली, आणि शेजारच्या मशीनवर वर्डमध्ये उघडली. मॅक्रो जसाच्या तसा हजर! हा बिघाड नाही, रायटरची मदतपुस्तिका हे उघडपणे सांगते. ऑप्शन्समध्ये ‘लोड/सेव्ह’ आणि त्याखाली ‘व्हीबीए प्रॉपर्टीज’ असं पान आहे (व्हीबीए म्हणजे वर्डचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती). तिथे वर्डसाठी ‘सेव्ह ओरिजिनल बेसिक कोड’ अशी खूण असते. ती असेल तर रायटर वर्डचा मूळ कोड फायलीच्या पोटात जपून ठेवतो आणि सेव्ह करताना तोच परत घालतो. तुम्ही रायटरमध्ये काय खोडलं, काय बदललं, त्याचा त्या मूळ प्रतीशी संबंध नाही. त्यामागचा विचार समजतो. वकिलाच्या ऑफिसातून आलेली फाइल मी रायटरमध्ये उघडून एक ओळ बदलून परत पाठवली, तर त्यांचे मॅक्रो शाबूत राहायला हवेत. पण सफाई करणाऱ्याला हे उलटं पडतं.

उपाय एकच: ती खूण काढा, मग फाइल सेव्ह करा. मग फाइल मॅक्रोशिवाय लिहिली जाते, एकेक मॉड्यूल शोधून डिलीट करायचीही गरज राहत नाही. म्हणजे वर्डच्या फायलींसाठी मॅक्रो काढायची खरी कळ मॅक्रोच्या मेनूत नाहीच, ती ऑप्शन्सच्या एका आडबाजूच्या पानावर आहे! हे शोधायला माझा इंजिनिअरिंगला असलेला भाचा लागला. “मावशी, तू चुकीच्या दरवाजावर टकटक करतेयस,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला. आजकालची मुलं इतकं सांगून थांबतात, पुढचं आपणच शोधायचं.

निघाले की नाही याची खात्री करायची असेल तर माझी पद्धत अशी. .ओडीटी किंवा .डॉकएम फाइल म्हणजे आतून झिपच असते. प्रत घ्या, नावाचा शेवट बदलून .झिप करा, उघडा. .ओडीटीमध्ये ‘बेसिक’ नावाचं फोल्डर दिसलं तर आत मॅक्रो किंवा त्यांची रिकामी लायब्ररी आहे. .डॉकएममध्ये ‘वर्ड’ फोल्डरात ‘व्हीबीएप्रोजेक्ट.बिन’ दिसली तर आहे. जुनी .डॉक मात्र अशी उघडत नाही, तिला वेगळी रचना असते. म्हणूनच माझा आग्रह, की मसुदे .डॉकवर ठेवूच नयेत. .डॉकमध्ये मॅक्रो आहे की नाही हे नावावरून कळत नाही. 2007 पासून मायक्रोसॉफ्टने दोन वेगळे प्रकार केले, .डॉकएक्समध्ये मॅक्रो राहू शकत नाही आणि .डॉकएममध्ये राहू शकतो. वकिलांच्या कारकुनांना मी एवढंच सांगून ठेवलंय: शेवटी ‘एम’ असलेली फाइल कुणी पाठवली तर आधी फोन करून विचारा.

फायली झाल्या, पण काकांच्या मशीनवर वर्डच्या नॉर्मल टेम्प्लेटमध्ये जे बसलं होतं त्याला रायटरचा काही उपयोग नाही. ते काम वर्डमध्येच करावं लागतं आणि तिथे वर्ड बरा आहे. ऑल्ट-एफ8, ‘मॅक्रोज इन’मध्ये नॉर्मल निवडा, एकेक डिलीट. किंवा ‘ऑर्गनायझर’ उघडा, तो अख्खी मॉड्यूलं काढतो किंवा दुसऱ्या फायलीत नेतो. सगळंच उपटायचं असेल तर वर्ड बंद करून नॉर्मल.डॉटएम या फायलीचं नाव बदलायचं. पुढच्या वेळी वर्ड नवी कोरी बनवतो. पण त्या फायलीत तुमच्या स्टाइली, शॉर्टकट, डीफॉल्ट मार्जिन हेही असतं, तेही जातं. लीगल साइझच्या कागदासाठी बसवलेली मार्जिनं एका झटक्यात घालवायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी ऑर्गनायझरनेच काढले. वर्डच्या ‘स्टार्टअप’ फोल्डरातही टेम्प्लेट ठेवून मॅक्रो चालवता येतात, तिथेही डोकावून या. ‘फाइलसेव्ह’वाला आमच्याकडे तिथेच लपला होता.

आता ठेवलेल्या मॅक्रोंबद्दल. त्या ऑपरेटरला मी शिव्या देते, पण त्याचा एक मॅक्रो सोन्यासारखा होता: आकड्यांतली रक्कम अक्षरी लिहिणारा. दस्तात रक्कम दोन्ही प्रकारे लागते. इंग्रजीत वीसच्या पुढे ठरावीक तुकडे जोडून काम भागतं. मराठीत शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा स्वतःचं नाव घेऊन येतो, म्हणून मॅक्रोत सगळ्यांची यादी घालावी लागते. ती त्याने घातली होती. पण कोड वाचायला गेले तर सगळी इंग्रजी अक्षरांची गिचमीड. वर्डच्या व्हीबीए एडिटरमध्ये देवनागरी टंकता येत नाही, प्रश्नचिन्हं उमटतात. माहीतगार लोक तिथे प्रत्येक अक्षराचा सांकेतिक आकडा लिहितात. याने ते न करता जुन्या श्रीलिपी फॉन्टच्या कोडमध्ये यादी लिहिली होती. मी ती यादी कोऱ्या पानावर चिकटवली, तिला तो फॉन्ट लावला, आणि मग मराठी दिसलं. त्यात एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर. आनंदवल्ली आमच्या गंगापूर रोडलाच आहे, ‘ध’ चा ‘मा’ काय करतो हे नाशिककरांना कुणी शिकवायला नको. साठेखतात दहा हजारांचा फरक अक्षरी रकमेत पडला तर काय गोंधळ होईल! काका म्हणाले, “अगं, मी रक्कम नेहमी पेनानेच तपासायचो.” त्यांच्या पिढीचं हे एक बरं होतं.

रायटरने इथे मला जिंकलं. त्याच्या बेसिक एडिटरमध्ये देवनागरी सरळ युनिकोडमध्ये लिहिता येते. शंभर शब्दांची यादी मराठीत टाकली, दिसते मराठी, तपासता येते मराठी, आणि शेजारच्या वकीलबाईंना दाखवून एकेक शब्द टिकमार्क करून घेतला. मराठीत टायपिंगचा धंदा करणाऱ्याला ही सोय छोटी नाही. वर्डसमोर रायटर अशा ठिकाणी उजवा ठरतो, पण त्याची जाहिरात कुणी करत नाही.

हा मॅक्रो मी ‘माय मॅक्रोज’मध्ये ठेवलाय, कोणत्याही फायलीत नाही. माझा नियमच झालाय तो: मॅक्रो मशीनवर राहतील, दस्तात नाही. गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्हवर दिलेली फाइल नुसती मजकुराची असावी. एका फायलीतून मॉड्यूल तिकडे न्यायचं तर ऑर्गनायझरमध्ये ओढून टाकता येतं. नुसतं ओढलं तर हलतं, कंट्रोल दाबून ओढलं तर प्रत होते. हे ‘माय मॅक्रोज’ विंडोजमध्ये तुमच्या ॲपडेटामधल्या लिबरऑफिसच्या फोल्डरात, ‘4’ नावाच्या फोल्डरखाली ‘युजर’ आणि त्याखाली ‘बेसिक’मध्ये असतात. आवृत्ती सात असो की 2024 पासूनच्या वर्षाच्या आकड्यांची असो, फोल्डर आपलं ‘4’च. मशीन फॉरमॅट करायच्या आधी तेवढं फोल्डर उचलून ठेवा. ऑर्गनायझरच्या लायब्ररीच्या पानावर ‘एक्स्पोर्ट’ही आहे, ‘स्टँडर्ड’ सोडून दुसऱ्या नावाची लायब्ररी केली असेल तर तिचा बॅकअप त्याने नीट होतो.

मॅक्रो रेकॉर्ड करायच्या सोयीबद्दल दोन वाक्यं पुरेत. ती मुळात बंद असते, ऑप्शन्सच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर चालू करावी लागते, आणि रेकॉर्ड झालेला कोड इतका लांबलचक असतो की नंतर वाचून सुधारणं नकोसं होतं. या बाबतीत वर्ड पुढे आहे, वादच नाही.

शेवटचं, फोल्डरच्या फोल्डरं साफ करण्याबद्दल, कारण प्रश्न सगळ्यांचा तोच असतो: एकेक फाइल कोण उघडत बसणार? व्हीबीएच्या पानावरची ती खूण काढल्यावर लिबरऑफिस पूर्ण बंद करा आणि कमांडच्या काळ्या खिडकीतून ‘हेडलेस’ आणि ‘कन्व्हर्ट-टू’ हे पर्याय देऊन अख्खं फोल्डर .डॉकएक्समध्ये बदलून घ्या. पडदा न उघडता फायली बदलत जातात. निकालाच्या फायली वेगळ्या फोल्डरात घ्या, मूळ फोल्डरला हात लावू नका. मजकूर नीट येतो, जुने फॉन्ट मशीनवर असतील तर तेही. घोळ होतो तो तक्त्यांत. चतुःसीमेचा तक्ता पानाच्या टोकाला असेल तर शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते आणि सह्यांची जागा खाली सरकते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या मसुद्याची एकेक प्रत जुन्या छापील दस्ताशेजारी ठेवून बघते, सह्या आणि पान क्रमांक जुळले की मगच ते फोल्डर काउंटरवरच्या मशीनवर चढवते. साठेखतं आणि भाडेकरार झालेत, हक्कसोडपत्रांचं फोल्डर अजून बाकी आहे.